नोंद कशी ठेवायची आणि कुठे ठेवायची

अनेक आशीर्वाद.

घरात तुला होणाऱ्या मारहाणीबद्दल लिहिताना "पुरावा नसेल तर माझ्यावर विश्वास कोण ठेवणार?" असं तू विचारलंस. ही भीती आधी मनातून काढून टाक. समुपदेशकाकडे, डॉक्टरांकडे, भरवशाच्या माणसाकडे रिकाम्या हातानेही जाता येतं. नोंदी पुऱ्या होईपर्यंत थांबू, असं मुळीच करू नकोस.

तरीही लिही म्हणते. तेच तेच प्रत्येकाला पहिल्यापासून सांगताना जीव मेटाकुटीला येतो, भेदरलेल्या मनाला तारखा आठवत नाहीत. आणि समोरचं माणूस "असं काही झालंच नाही" म्हणत राहिलं की आपलाच आपल्यावरचा विश्वास डळमळतो.

घडल्यावर जमेल तितक्या लवकर लिही. "खूप त्रास दिला" एवढ्याने कुणाला काही कळत नाही. असं लिही: "रात्री सव्वानऊ, स्वयंपाकघर. डावा दंड धरून मला भिंतीवर ढकललं. शब्द असे: 'कुणाला सांगितलंस तर बघ.' धाकटा भाऊ दारात उभा होता." शिव्या असतील तर त्याही जशाच्या तशा, त्या लिहिताना लाज तुला वाटायचं कारण नाही. दिसलं-ऐकलं ते आणि तुझा अंदाज वेगळा ठेव. "दारू प्यायला होता" हा अंदाज, "तोंडाला दारूचा वास येत होता" ही नोंद. आठवत नसेल तिथे "आठवत नाही" लिही. नंतर काही आठवलं तर जुनं खोडू नकोस, खाली त्या दिवसाची तारीख घालून भर घाल.

जखमेचा एक फोटो लांबून, चेहरा आणि जखम दोन्ही दिसतील असा. एक जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. वळ कधी कधी दुसऱ्या दिवशी उमटतात आणि रंग बदलत जातात, म्हणून पुढचे काही दिवस पुन्हा काढ. मूळ फोटोला कात्री लावू नकोस. मेसेजच्या स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि तारीख दिसू दे, आणि चिडून तू दिलेलं उत्तरही राहू दे. ते गाळलंस तर बाकीच्यावरही शंका घेतली जाते. चोरून रेकॉर्डिंग करण्याचे कायदे जागोजागी वेगळे आहेत, त्याआधी वकिलाला विचार.

डॉक्टरांना "पाय घसरला" सांगू नकोस. खरं कारण सांग आणि ते कागदावर लिहायला सांग. गळा दाबला गेला असेल, तर वळ नसला तरी त्याच दिवशी दवाखान्यात जा. आतली इजा बाहेर दिसत नाही, आणि ती जिवावर बेतू शकते.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. वही सापडली तर मार वाढू शकतो. गादीखाली, कपाटात, दप्तरात ठेवू नकोस. त्या जागा घरातल्या प्रत्येकाला माहीत असतात. फोनमधले फोटो आपोआप घरच्या सामाईक खात्यात किंवा टॅबवर जातात का, ते बघ. समोरच्याचा हात जिथे पोचत नाही अशा फोनवरून वेगळं ईमेल खातं उघड आणि नोंदी तिथे ठेव. आपल्या फोनचा पासवर्ड मात्र एकदम बदलू नकोस, त्यानेच संशय येतो. फोनवर पाळत आहे असं वाटलं तर मदतीची शोधाशोधही त्यावर करू नकोस.

आणि यातलं काहीच सुरक्षित वाटत नसेल तर लिहू नकोस. मैत्रिणीला, शिक्षकांना, मला तोंडी सांग. ऐकणाऱ्याने तू काय सांगितलंस, तू कशा अवस्थेत होतीस, हे तारीख-वेळ घालून आपल्या शब्दांत लिहून ठेवलं तर तीही नोंदच असते. माझ्याकडे मी तुझ्या नावाशिवाय एक वही सुरू केली आहे. घरात जिवाला धोका वाटला तर कागद, फोन काही गोळा करत बसू नकोस, आधी बाहेर पड आणि मग मला कळव. कितीही वाजले असले तरी.

तुझी,
ताई