‘अठ्ठावीसच किलो?’

‘मॅडम, माझं ऑपरेशन फसलंय.’ खुर्चीत टेकायच्या आधीच कमलताई (नाव बदललं आहे) बोलल्या आणि पिशवीतून शंभरपानी वही काढून माझ्यापुढं ठेवली. दर पानावर वजनाचे तीन रकाने. सकाळ, दुपार, रात्र. आदल्या दिवशीचे आकडे: ८२.०, ८२.९, ८३.४. रात्रीच्या आकड्याखाली लाल पेनानं दोन रेघा.

कमलताईंचा सोलापुरात घरगुती कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा धंदा आहे. वय ४२. एप्रिलमध्ये वजन उतरवण्यासाठी स्लीव्हचं ऑपरेशन झालं, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी केली. तेव्हा वजन ११० किलो होतं. जानेवारीअखेर माझ्याकडं आल्या तेव्हा ८२. जाऊबाईंच्या भावाचं याच ऑपरेशननंतर ४० किलो उतरलं होतं, आणि घरात ऐकवलं जात होतं, ‘एवढा पैसा घालून अठ्ठावीसच?’

हा प्रश्न माझ्याकडं फार वेळा येतो. नुसत्या किलोंची तुलना मला अन्यायाची वाटते, म्हणून मी त्यांच्याच वहीचं मागचं पान उघडलं. त्यांची उंची १५५ सेंटिमीटर. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २५ धरला तर वजन साधारण ६० किलो हवं. म्हणजे जादा वजन होतं ५० किलो. त्यातलं २८ गेलं, ५६ टक्के. जादा वजनातलं निम्मं उतरलं की ऑपरेशन यशस्वी, ही डॉक्टरांची जुनी मोजपट्टी. आता भावाचं बघू. उंची १७०, वजन १५०, जादा वजन सुमारे ७८ किलो. त्यातलं ४० म्हणजे ५१ टक्के.

कमलताईंनी बेरीज-वजाबाकी स्वतः पुन्हा करून पाहिली. धंदेवाली बाई, हिशोब पटल्याशिवाय मान हलवायची नाही.

या पट्टीत एक खोट आहे. सुरुवातीचं वजन जितकं जास्त, तितका हा टक्का कमी दिसतो. म्हणून हल्ली मूळ वजनातलं किती टक्के गेलं तेही बघतात. त्या हिशोबानं कमलताई २५, भाऊ २७. जवळपास बरोबरीच. शिवाय त्याला दोन वर्षं झालीत, यांना नऊच महिने. वजन साधारण वर्ष-दीड वर्षापर्यंत उतरत राहतं, मधे काही आठवडे काटा हलतही नाही. सकाळ-रात्रीचा दीड किलोचा फरक तर पाण्याचा आणि जेवणाचा. ती चरबी नव्हे.

मला काळजी वेगळीच होती. काटा हलावा म्हणून त्यांनी रात्रीचं जेवण बंद केलं होतं. दुपारी अर्धी वाटी वरण, बाकी चहा. केस गळत होते, दुपारी गरगरायचं. या ऑपरेशननंतर दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत. नाहीतर स्नायू झिजतात, आणि काटा तेही ‘उतरलेलं वजन’ म्हणूनच दाखवतो. मी त्याच दिवशी त्यांना सर्जनकडं आणि आहारतज्ज्ञाकडं पाठवलं. बी१२ आणि लोह तपासायला सांगितलं. त्यांच्या गोळ्या ‘आता बरं आहे’ म्हणून त्यांनी परस्पर बंद केल्या होत्या.

मग विचारलं, ‘साखर किती?’ एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ९.१ वरून ६.२. इन्सुलिन डॉक्टरांनी बंद केलं होतं. हे त्यांनी वहीत कुठंच लिहिलं नव्हतं. झोपेत घोरणं? ‘हे म्हणतात, आता उठवावं लागत नाही.’ गुडघे? त्या जरा थांबल्या. ‘गड्ड्याच्या यात्रेत यंदा नंदीध्वजांच्या मागं चालले. दरवर्षी कट्ट्यावर बसून बघायचे.’ ही सोलापुरातली सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वज म्हणजे तिच्यातल्या उंच, सजवलेल्या काठ्या. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो त्या दिवशीची मिरवणूक. सगळी नाही, पण बरीच चालल्या होत्या. सांगताना त्यांचा आवाज भरून आला, माझाही.

वही बंद करा, असं मी म्हटलं नाही. रकाने बदलले. आठवड्यातून एकदाच वजन, सोमवारी सकाळी, उपाशीपोटी. महिन्यातून एकदा कंबरेचा घेर. रोज फक्त अंडी, डाळ, पनीर, मटकी किती खाल्ली ते. आणि उतरलेलं वजन पुढं पुन्हा चढायला लागलं तर लपून न राहता लगेच यायचं, हे कबूल करून घेतलं. पुढं थोडं वजन परत येणं बऱ्याच जणांत दिसतं, पण लाजेपोटी लोक चार-चार वर्षांनी येतात.

दाराशी जाऊन कमलताई परत फिरल्या. हात वर केला तशी पाटली कोपरापर्यंत घसरली. ‘सोनाराकडून लहान करून घेऊ का हो?’

‘अजून सहा महिने थांबा,’ मी म्हटलं. ‘दोनदा मजुरी कशाला द्यायची?’