ऑफिसच्या प्रत्येक ईमेलखाली येणाऱ्या गोपनीयतेच्या सूचनेचा खरंच काही उपयोग असतो का?

तुमचा प्रश्न असा, की ‘हा मेल चुकून आला असल्यास वाचू नये, त्वरित डिलीट करावा’ असं खाली लिहिलेलं असताना कोणी ते पाळलं नाही, तर त्याच्यावर कारवाई होते का? नुसत्या त्या ओळींच्या जोरावर, नाही.

मी हिंजवडीतल्या एका कंपनीत मेल सर्व्हर सांभाळतो. हा मजकूर म्हणजे सर्व्हरवरचा एक नियम: बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलच्या शेवटी एवढं चिकटव. आत काय लिहिलंय, त्याच्याशी नियमाला देणंघेणं नाही. त्यामुळे क्लायंटला गेलेलं कोटेशन गोपनीय आणि केटररला गेलेलं ‘शुक्रवारी मिसळ जरा कमी तिखट’ हेही तितकंच गोपनीय! शिवाय ‘वाचू नका’ हे कळतं कधी, तर सगळं वाचून झाल्यावर.

करार कायदा, १८७२ नुसार एकाने प्रस्ताव ठेवावा लागतो आणि दुसऱ्याने तो स्वीकारावा लागतो. अनोळखी माणसाने काहीच कबूल केलेलं नसताना तो बांधला कसा जाणार? अर्थात, हाती आलेलं गुपित विकायला काढलं तर ते अंगाशी येऊ शकतं. पण ते माहितीच्या स्वरूपामुळे, तळटिपेमुळे नव्हे.

खरा उपयोग होऊ शकतो तो एनडीएमध्ये, म्हणजे दोन पक्षांतल्या गोपनीयतेच्या करारात. ‘गोपनीय’ असा शिक्का असलेली माहितीच गोपनीय धरावी, अशी अट बऱ्याच एनडीएंत असते. पण तोच शिक्का सरसकट सगळ्यावर मारला, तर समोरचा वकील पहिल्यांदा मिसळीचा मेल काढून दाखवेल. म्हणून जे खरंच नाजूक आहे, त्याच्या विषयाच्या ओळीत ‘गोपनीय’ हे स्वतःच्या हाताने लिहा.

वैयक्तिक माहितीचं म्हणाल, तर २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तिथे ‘आम्ही खाली लिहिलं होतं’ हे उत्तर चालेल असं मला वाटत नाही.

मेल चुकीच्या माणसाकडे जातो तो बहुधा पत्ता आपोआप भरला जातो म्हणून. दोन अमित असले की झालंच. जीमेलमध्ये ‘अनडू सेंड’ ३० सेकंदांवर ठेवा, आउटलुकमध्ये मेल मिनिटभर उशिरा जाईल असा नियम लावा. आउटलुकच्या ‘रिकॉल’वर विसंबू नका, कंपनीबाहेर गेलेला मेल त्याने परत येत नाही. फाइलला पासवर्ड घाला आणि तो फोनवर सांगा. तरीही चूक झालीच, तर लगेच फोन करून डिलीट करायला सांगा आणि तसं केल्याचं लेखी मागून घ्या.

सूचनेचा मजकूर तुम्हाला स्वतःहून काढता येणार नाही, कारण मेल तुमच्या हातून सुटल्यावर सर्व्हर तो चिकटवतो. लीगलवाल्यांना तो दोन ओळींचा करायला सांगा. फक्त कंपनीचं नाव, नोंदणीकृत पत्ता आणि सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक) राहू द्या. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२ नुसार व्यावसायिक पत्रांवर ते लागतंच, मेलवरही असलेलं बरं.