फटाक्यांनी बिथरलेल्या कुत्र्यासाठी

दिवाळीत जवळच वाजलेल्या सुतळी बॉम्बने तुमचा कुत्रा बिथरला असेल, तर पहिले काही दिवस त्याला नवे काही शिकवण्याच्या भानगडीत पडू नये. तो पलंगाखाली जाऊन बसला असेल, तर त्याला ओढून बाहेर न काढता तिथेच त्याची गोधडी आणि पाण्याचे भांडे सरकवून ठेवावे. जवळ घेतल्याने त्याची भीती पक्की होते हा समज चुकीचा आहे. तो आपणहून येऊन बिलगला, तर खुशाल पाठीवरून हात फिरवावा.

जांभया देणे, ओठ चाटत राहणे, आवडता खाऊही नाकारणे ही ताणाची लक्षणे ओसरल्यावरच फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज अगदी बारीक लावून त्यासोबत उकडलेल्या चिकनचे तुकडे द्यायला सुरुवात करावी, आणि कान मागे पाडून त्याने खाणे थांबवले, की आवाज लगेच कमी करावा. घाई केल्यास सगळ्या मेहनतीवर पाणी पडते. घाबरलेला कुत्रा गळपट्ट्यातून मान सहज सोडवून घेतो, म्हणून फिरवताना हार्नेसही (छातीभोवती बांधायचा पट्टा) बांधावा. काही गुंगीच्या औषधांनी शरीर ढिले पडते, पण भीती तशीच राहते. त्यामुळे औषधाविषयी पशुवैद्यकांशीच बोलावे, आणि तेही पुढच्या दिवाळीच्या बरेच आधी.