डोपामाइन ‘आनंदाचं रसायन’ असेल, तर ते कमी पडल्यावर हात का थरथरतो?

तुम्ही विचारलंय की वडिलांना पार्किन्सन झालाय, डॉक्टर म्हणतात मेंदूत डोपामाइन कमी पडतंय. मग त्याचा हालचालींशी काय संबंध, आणि ते तयार कुठे होतं?

मी गोव्यात नर्सिंगच्या मुलींना शरीरक्रियाशास्त्र शिकवते. ‘आनंदाचं रसायन’ हे शब्द मी वर्गात चालू देत नाही, कारण त्यांनी तुमच्यासारखीच सगळ्यांची दिशाभूल होते. डोपामाइनचं काम ठरतं ते कुठल्या पेशीतून निघालं आणि कुठे पोचलं यावर.

माणसाच्या मेंदूत साधारण 8600 कोटी चेतापेशी. त्यांत मध्यमेंदूतल्या डोपामाइनवाल्या पेशी जेमतेम 4 ते 6 लाख. 1964 साली स्वीडनमध्ये डालस्ट्रॉम आणि फुक्से यांनी उंदराच्या मेंदूतल्या डोपामाइन आणि त्याचं भावंड नॉरॲड्रेनालिन यांच्या पेशींचा नकाशा काढला. फॉर्मॅल्डिहाइडची वाफ दिली की या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या चमकतात. पुंजक्यांना त्यांनी मागून पुढे ए1, ए2 असे क्रमांक दिले. ए8 पासून पुढचे पुंजके डोपामाइनचे. नंतरच्या संशोधकांनी ही यादी ए17 पर्यंत नेली.

तुमच्या वडिलांचा संबंध ए9 शी आहे. मध्यमेंदूचा आडवा काप हातात घेतला, तर दोन्ही बाजूंना कोळशाने ओढल्यासारखी एकेक काळपट रेघ साध्या डोळ्यांना दिसते. म्हणून नाव सबस्टॅन्शिया नायग्रा, म्हणजे काळा पदार्थ. हा काळेपणा न्यूरोमेलानिनचा, आणि वयाबरोबर तो गडद होत जातो. मी पहिल्यांदा पार्किन्सनच्या रुग्णाचा काप पाहिला तेव्हा ती रेघ शोधावी लागली, इतकी फिकट होती. पेशीच गेलेल्या. इथून निघणारे तंतू स्ट्रायटम नावाच्या भागात जातात आणि हालचाल सुरू करणं, तिचा वेग राखणं तिथे ठरतं. साधारण निम्म्या पेशी गेल्यावर कंप किंवा जडपणा दिसू लागतो. म्हणजे आजार वरून दिसण्याआधी कित्येक वर्षं आत सुरू असतो. तुम्हाला उशिरा कळलं यात तुमची चूक नाही.

त्याला अगदी खेटून, मधल्या रेषेजवळ, ए10 आहे. याचे तंतू न्यूक्लियस अक्युम्बन्सकडे आणि कपाळामागच्या भागाकडे जातात. ओढ लागणं, अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की ते लक्षात राहणं, ही कामं तिथली. लोक ‘आनंद’ म्हणतात ते एवढ्याच शेजाऱ्याबद्दल. ए12 मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये असून पिट्युटरी ग्रंथीतून दुधाचं संप्रेरक प्रोलॅक्टिन सुटू नये म्हणून सतत ब्रेक लावून ठेवतो. ए16 गंधाच्या कंदात आणि ए17 तर डोळ्याच्या पडद्यात, उजेडाशी जुळवून घ्यायला.

हे क्रमांक पुस्तकी वाटतील, म्हणून घरचं सांगते. फोंड्याच्या माझ्या मामीला मळमळीसाठी एका डॉक्टरांनी मेटोक्लोप्रमाइड दिलं आणि ती गोळी काही महिने तशीच चालू राहिली. चतुर्थीला गेले तर मामीचा चेहरा निर्विकार, पापण्या क्वचितच लवत होत्या, नेवऱ्यांची कातर काढताना बोटं अडखळत होती. घरच्यांनी वय झालं म्हणून सोडून दिलेलं. ही गोळी डोपामाइनचे ग्राहक, म्हणजे पेशीवर डोपामाइन जिथे चिकटतं त्या जागा, अडवते. उलटीच्या केंद्रात हे अडवणं हवं असतं, पण ती मेंदूत इतरत्रही शिरते आणि ए9 चा निरोप स्ट्रायटमला ऐकू येत नाही. डॉक्टरांना सांगून गोळी थांबवली, काही आठवड्यांत हात मोकळा झाला. तुमच्या वडिलांच्या फाइलवर पार्किन्सन ठळक लिहून ठेवा, आणि कोणीही उलटीची गोळी लिहून दिली की ते दाखवा.

आता त्यांच्या गोळीबद्दल. डोपामाइन थेट दिलं तर ते रक्तातून मेंदूत शिरत नाही, म्हणून लेव्होडोपा देतात. त्याचं डोपामाइन मेंदूत होतं. अर्विद कार्लसन यांनी 1957 मध्ये सशांना रिसर्पिन देऊन निपचित केलं आणि लेव्होडोपा टोचल्यावर ते पुन्हा हालू लागले. रिसर्पिन म्हणजे आपल्या सर्पगंधेतलं द्रव्य. कार्लसन यांना 2000 चं नोबेल मिळालं.

लेव्होडोपा आतड्यातून आणि मेंदूच्या वेशीतून आत जातं ते प्रथिनांच्याच दारातून. म्हणजे दुपारी माशाचं हुमण आणि गोळी एकत्र गेली, तर दाराशी गर्दी होते आणि गोळीचा गुण कमी येतो. गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यायला जमेल का, ते डॉक्टरांना विचारा. मासे बंद करायची गरज नाही, वेळ सांभाळली की पुरे. आणि कुणी खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण सुचवलं, तर त्यातही लेव्होडोपाच असतं. गोळीच्या वर ते परस्पर देऊ नका, मात्रा दुप्पट होऊन भलतीच हालचाल सुरू होते.