बुटका बचावपटू कोणी घ्यायचा?

वाचकांचे प्रश्न : उत्तरं सोलापूरच्या आमच्या निवृत्त क्रीडाशिक्षकांची

प्रश्न : सर, नमस्कार. अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा कारखाना आहे. मुलगा-सून कॅनडात ब्रॅम्प्टनला असतात. नातू सतरा वर्षांचा, तिकडे आइस हॉकी खेळतो. जागा बचावाची, उंची पाच फूट आठ इंच. पुढच्या वर्षी तो एनएचएलच्या, म्हणजे तिकडच्या सगळ्यात मोठ्या आइस हॉकी लीगच्या, ड्राफ्टसाठी (क्लब पाळीपाळीनं नवी पोरं निवडतात त्यासाठी) वयात बसतो. मुलगा म्हणतो, या उंचीचा बचावपटू कोणी घेत नाही. सून म्हणते, आत्ताच आघाडीला खेळव. तुम्ही कबड्डीत बुटकी पोरं कोपऱ्याला खेळवायचात, म्हणून तुम्हाला विचारतो. शिवाय आमच्या ओळखीत एक जण उंची वाढवायचं चूर्ण देतो, ते पाठवू का?
– एक आजोबा, सोलापूर

उत्तर : आधी चूर्णाचं बोलू. पाठवू नका. त्यात काय काय कुटलंय हे देणाऱ्यालाही धड माहीत नसतं, आणि उद्या उत्तेजक चाचणीत काही निघालं तर ‘आजोबांनी प्रेमानं पाठवलं होतं’ हे तिथं कोणी ऐकून घेत नाही. पोराची वाढ शिल्लक असेल तर तो आपसूक वाढेल. हाडांच्या टोकांची वाढ थांबली असेल तर चूर्णानं ती पुन्हा सुरू होत नाही. किती शिल्लक आहे याचा अंदाज हाताच्या एक्स-रेवरून डॉक्टर देतात. मुलाला सांगा, तेवढं करून घे.

लेन हटसन नावाच्या बचावपटू पोरानं नेमकं हेच केलं होतं. 2022 च्या ड्राफ्टआधी तो जेमतेम पाच फूट आठ इंच, म्हणजे तुमच्या नातवाएवढाच. वाढ अजून व्हायची आहे असं डॉक्टरांचं पत्र घेऊन तो क्लबांच्या मुलाखतींना गेला. ड्राफ्ट मॉन्ट्रियलमध्येच होता आणि पहिली निवडही मॉन्ट्रियलचीच होती. त्यांनी युराय स्लाफकोव्स्की हा दांडगा आघाडीपटू घेतला. मग 26 व्या आणि 33 व्या क्रमांकालाही त्यांची पाळी आली, तेव्हाही दुसरीच पोरं घेतली. हटसनचं नाव त्यांनी 62 व्याला वाचलं. म्हणजे ज्यांना तो हवा होता त्यांनीही आधी तीनदा त्याच्यावरून नजर फिरवली. पुढं तो दोन हंगाम बोस्टन युनिव्हर्सिटीत खेळला. 2024-25 हा एनएचएलमधला त्याचा पहिला पूर्ण हंगाम. त्यात गोल आणि गोलसाहाय्य मिळून 66 गुण केले, पैकी 60 गोलसाहाय्याचे. पदार्पण करणाऱ्या बचावपटूसाठी गोलसाहाय्याचा हा आकडा लॅरी मर्फीच्या 1980-81 च्या विक्रमाच्या बरोबरीचा. सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफीही त्यालाच मिळाली.

पण लगेच पेढे वाटू नका. अशी यादी कोणीही काढून दाखवतो. क्विन ह्यूज पाच फूट दहा, केल मकार पाच फूट अकरा, दोघांनीही सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी जिंकली वगैरे. त्या दोघांना क्लबांनी 7 व्या आणि 4 थ्या क्रमांकालाच उचललं होतं, कारण त्यांचं स्केटिंग बघायला भिंग लागत नव्हतं. जे बुटके बचावपटू आले आणि दोन वर्षांत घरी गेले त्यांची यादी कोणी छापत नाही. पालक नेमकी पहिलीच यादी वाचतात आणि पोराच्या डोक्यात भरवतात, याचा मला राग येतो.

क्लबांची भीती खोटी नाही. एनएचएलचं मैदान 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद. पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, मागच्या कोपऱ्यात गेला की बचावपटूला सगळ्या खेळाकडं पाठ करून तो आणायला जावं लागतं, आणि मागून शंभर किलोचा गडी पूर्ण वेगात येत असतो. तेव्हा कोलोरॅडोत असलेला सॅम्युअल जिरार्ड पाच फूट दहा इंचांचा. 2022 च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, अशाच एका धडकेत त्याच्या छातीचं हाड मोडलं. धडक नियमात होती, पंचांनी काही दिलं नाही. कोलोरॅडोनं त्या वर्षी स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला, पण शेवटचे सामने जिरार्डनं बाहेर बसूनच पाहिले. पुढच्याच वर्षी वेगासनं कप जिंकला तो सगळा उंच बचाव घेऊन. त्यांचा निकोलस हेग तर सहा फूट सहा इंचांचा. मग निवड समितीतल्या माणसानं उंची बघितली तर त्याला मूर्ख कसं म्हणायचं?

तरी दार उघडलं ते 2005 ला. त्याआधीचा अख्खा हंगाम मालक-खेळाडूंच्या वादात रद्द झाला होता. खेळ परत सुरू झाला तेव्हा धरपकड आणि अडवाअडवीवर पंच कडक झाले, आणि मधली रेघ ओलांडून लांब पास द्यायला मुभा मिळाली. तोवर बचावपटूचं मोठं काम म्हणजे गोलसमोर उभ्या माणसाला ढकलून बाजूला काढणं. आता पक उचलून दोन सेकंदांत नीट पहिला पास देणारा माणूस ढकलणाऱ्याइतकाच लागू लागला. आपल्या कबड्डीत चढाईपटूला छातीनं अडवायचं काम कव्हरचं, पण घोटा धरायला कोपऱ्यावर बुटकाच बरा, कारण त्याला कमी वाकावं लागतं. तसंच हे. फक्त कबड्डीत कोपऱ्यावरचा चुकला तर एक गुण जातो, तिथं बरगडी जाते.

आता माझं मत सांगतो. बुटका बचावपटू घ्यावा, पण वाट बघायची तयारी असलेल्या क्लबानंच घ्यावा. ज्याला दोन वर्षांत निकाल पाहिजे त्यानं घेऊ नये, त्यात पोराचंही वाटोळं आणि निवडही वाया.

याला दाखला जॅरेड स्पर्जनचा. उंची पाच फूट नऊ. 2008 ला न्यूयॉर्क आयलंडर्सनं त्याला सहाव्या फेरीत 156 वा घेतला. ज्युनिअर लीगमधल्या पोराशी करार करायला तेव्हा दोन वर्षं मिळायची. आयलंडर्सनी केला नाही. 2010 मध्ये तो चाचणीसाठी मिनेसोटाच्या शिबिरात गेला आणि तिथलाच झाला. 2021 ला त्याच मिनेसोटाचा कर्णधार झाला. म्हणजे आयलंडर्सच्या माणसानं हिरा बरोबर हेरला होता, कार्यालयानं सोडला. आणि हा स्पर्जन काही गोलांच्या राशी घालणारा नव्हे. त्याचं नाव झालं ते जागा धरण्यानं आणि वेळेवर काठी घालून पक काढून घेण्यानं. बुटका बचावपटू म्हणजे पॉवर प्लेचा (समोरचा गडी शिक्षेनं बाहेर असतानाच्या खेळाचा) शोभेचा गडी, हा समज त्यानं पार मोडीत काढला.

कॉलेजचा रस्ता मला म्हणूनच आवडतो. कॉलेजात जाणाऱ्या खेळाडूचे हक्क क्लबकडे जास्त वर्षं राहायचे, त्यामुळे अठराव्या वर्षी निवडलेल्या पोराला बावीस वर्षांचा होईपर्यंत अंगात ताकद भरायला सवड मिळायची. नियम आता बदलताहेत, ते मुलाला तिकडं नीट विचारून घ्यायला सांगा. टोरी क्रुगला तर ड्राफ्टमध्ये कोणी घेतलंच नाही. तो मिशिगन स्टेटला खेळत राहिला आणि 2012 मध्ये बोस्टननं त्याच्याशी थेट करार केला. बोस्टनच्या त्याच संघात झ्डेनो चारा होता, सहा फूट नऊ इंच! ब्रायन राफाल्स्कीची वाट त्याहून लांब. विस्कॉन्सिनचं कॉलेज, मग स्वीडन-फिनलंडच्या लीग, आणि न्यू जर्सीकडून एनएचएलमध्ये उतरला तेव्हा वय 26. पुढं तीन स्टॅन्ली कप.

सूनबाईंना सांगा, नुसत्या उंचीपायी जागा बदलू नका. आघाडीलाही धडका असतातच, आणि बचावात कमावलेलं उलटं स्केटिंग तिथं निम्मं वाया जातं. त्यापेक्षा मुलाला सांगा, सामन्याचं चित्रण काढ आणि फक्त एक गोष्ट बघ. नातू पक आणायला कोपऱ्यात जातो तेव्हा पोचण्याआधी मान वळवून मागं बघतो का? आणि अंगावर माणूस असताना त्याचा पास आपल्याच गड्याकडं जातो, की नुसता मैदानाभोवतीच्या काचेवर आपटून सुटका करून घेतो? पास जात असेल तर त्याला बचावातच ठेवा. काचेवर आपटत असेल तर उंची सहा फूट असती तरी मी हेच म्हटलं असतं, जागा बदला. आणि क्लबचा माणूस घरी आला तर कितव्या फेरीत घेणार हे विचारत बसू नका. किती वर्षं थांबणार ते विचारा. एवढंच विचारायला मुलाला फोनवरून शिकवून ठेवा.

सामने आपल्याकडं पहाटे साडेपाचच्या सुमाराला असतात. पार्क मैदानाच्या फेऱ्यांआधी चहासोबत एक डाव बघून होतो. तुम्हीही बघत चला, म्हणजे नातवाशी बोलायला विषय मिळेल.

प्रश्न : प्रो कबड्डीत लिलाव असतो, मग एनएचएलमध्ये ड्राफ्ट कशाला? पैसेवाल्या क्लबानं बोली लावली तर काय बिघडतं?
– एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : बिघडतं असं की पैसेवाला दरवर्षी तोच राहतो. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. मागच्या हंगामात तळाला राहिलेल्यांची पाळी आधी. मुद्दाम हरण्याचा मोह होऊ नये म्हणून प्लेऑफ न गाठलेल्या 16 संघांत वरच्या पाळीसाठी सोडत काढतात. 32 संघ, 7 फेऱ्या, म्हणजे वर्षाला सुमारे 224 पोरं. नव्या खेळाडूच्या पगारालाही ठरलेली मर्यादा असते. यात गैरसोय खेळाडूचीच: गाव, संघ, प्रशिक्षक, काहीच त्याच्या हातात नसतं. लिलावातही नसतं म्हणा, पण तिथं निदान भाव तरी चढतो.

प्रश्न : सोलापूरच्या उन्हात आइस हॉकीच्या गप्पा मारून काय उपयोग? बर्फ इथं फक्त गोळ्याच्या गाडीवर.
– एक वाचक, अशोक चौक

उत्तर : भारताच्या मुलींनी 2025 मध्ये महिलांच्या आशिया कपात कांस्यपदक घेतलं ते अल ऐनला, अमिरातीच्या वाळवंटात. तिथला उन्हाळा आपल्याला लाजवेल. बर्फ यंत्रानं होतो, त्याला पैसा लागतो आणि छप्पर लागतं. मात्र त्या मुली बहुतेक लडाखच्या, तळी गोठली की त्यावर खेळत मोठ्या झालेल्या. सोलापुरात मुलाला या वाटेला लावायचंच असेल तर आज चाकांच्या स्केट्सवर तोल आणि वळण शिकवा, आणि हातात साधी हॉकी स्टिक द्या. सुरुवातीला गुडघ्याचं आणि कोपराचं कवच घ्यायला मात्र कंजुषी करू नका, आपले रस्ते काही बर्फासारखे गुळगुळीत नाहीत.