ओळीच्या वर, ओळीच्या खाली

प्रश्न : माझ्या वडिलांचा जमिनीतील अन्नद्रव्यांवरचा इंग्रजी प्रबंध १९७०च्या दशकात टाइपरायटरवर टंकलिखित झालेला आहे. त्यात स्फुरदाच्या सूत्रातील २ आणि ५ हे अंक ओळीच्या खाली उतरलेले आहेत आणि ‘हेक्टरी’ या अर्थाचा उणे एक ओळीच्या वर चढलेला आहे. मात्र आजच्या छपाईत हे अंक बारीक असतात, तसे ते नाहीत. शेजारच्या अक्षरांएवढेच मोठे आहेत. एकाच मापाचे खिळे असलेल्या यंत्रावर हे कसे करत असत, आणि पुढे संगणकाच्या प्रिंटरवर ते कसे होऊ लागले? (एक वाचक, परभणी)

उत्तर : टाइपरायटरवर अक्षर वर-खाली होत नसे, कागद होत असे. कोणतीही कळ दाबली तरी तिचा खिळा रिबिनीमागच्या एकाच ठरलेल्या जागी येऊन आदळतो. ती जागा टंकलेखकाला बदलता येत नाही. बदलता येतो तो कागद गुंडाळलेला रूळ. त्यामुळे अंक ओळीच्या वर हवा असेल तर रूळ मागे फिरवून कागद खाली घ्यायचा आणि अंक खाली हवा असेल तर रूळ पुढे फिरवून कागद वर सरकवायचा, असा हा उलटा व्यवहार होता, आणि नवशिक्यांचा हात सुरुवातीला हमखास चुकीच्या दिशेला जाई. खिळा तोच असल्यामुळे अंकाचा आकारही तोच राही. आपल्याला दिसलेले मोठे अंक त्यामुळेच आहेत.

रूळ किती फिरवायचा, हे त्याच्या टोकाला असलेल्या दातेरी चाकावर ठरत असे. ओळींमधील अंतर एक, दीड किंवा दोन असे निवडण्याची सोय असलेल्या यंत्रांत या चाकाचा एक खटका म्हणजे अर्धी ओळ असे. एक ओळ सोडायची तर चाक दोन दाते पुढे जाई, दीड ओळ सोडायची तर तीन. म्हणून स्फुरदाचे सूत्र टंकलिखित करताना क्रम असा होई : ‘पी’ मारायचा, गोल मुठीने रूळ एक खटका पुढे घ्यायचा, २ मारायचा, एक खटका मागे, ‘ओ’ मारायचा, पुन्हा एक खटका पुढे, ५ मारायचा आणि शेवटी रूळ मूळ ओळीवर आणायचा. चार अक्षरांसाठी रूळ चार वेळा फिरे. खतांच्या मात्रांचा मोठा तक्ता असेल तर ओळीवरची सगळी अक्षरे आधी जागा सोडून मारून घेणे आणि मग रूळ एकदाच अर्धी ओळ सरकवून रिकाम्या जागी अंक भरणे सोयीचे पडे. अर्थात त्यासाठी स्पेसबारचे ठोके मोजण्याची सवय हवी.

ज्या छोट्या यंत्रांत दीड ओळीची सोय नव्हती, त्यांत खटका पूर्ण ओळीचाच असे. अशा वेळी दातेरी चाकाची पकड सोडवणारी एक पट्टी उपयोगी पडे. ती ओढली की रूळ मोकळा फिरतो, हवे तेवढे अंतर नजरेने घेता येते आणि पट्टी परत लावून रूळ मागे आणला की जुनीच ओळ सापडते. मुठीतले बटण दाबूनही रूळ मोकळा होतो, पण त्याने ओळीचा मूळ ठावठिकाणाच बदलतो. ते बटण छापील अर्जातील रेघांवर अक्षरे बसवण्यासाठी आहे. ही दोन साधने एकमेकांच्या जागी वापरली की त्यापुढचे सगळे पान किंचित वर किंवा खाली सरकलेले दिसते. आपल्या हातातील प्रबंधात एखाद्या सूत्रानंतर ओळींमधले अंतर जरा विचित्र वाटले, तर त्याचे कारण बहुधा हेच असेल.

अर्धी ओळ म्हणजे किती, याचाही हिशोब पाहण्यासारखा आहे. टाइपरायटरच्या एका इंचात सहा ओळी बसतात, म्हणजे एक ओळ सुमारे सव्वाचार मिलिमीटरची आणि अर्धी ओळ दोन मिलिमीटरहून किंचित जास्त. मजकूर एकेरी अंतरात असेल तर पूर्ण आकाराचा अंक एवढा वर किंवा खाली सरकवल्यावर तो शेजारच्या ओळीला चिकटतो, प्रसंगी तिच्या अक्षरांवरच चढतो. प्रबंध दुहेरी अंतरात टंकलिखित करण्यामागे मार्गदर्शकांना दुरुस्तीसाठी जागा मिळावी हा हेतू होताच, पण रसायन, मृदाशास्त्र किंवा गणित या विषयांत सूत्रांना वर-खाली श्वास घ्यायला मिळे, हा फायदाही कमी नव्हता. मराठवाड्यात विद्यापीठ १९५८ मध्ये आले आणि परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये. त्यामुळे इथल्या प्रबंधांच्या पहिल्या काही पिढ्या पूर्णपणे टाइपरायटरच्या काळातल्या आहेत.

कार्बन प्रतींनी हे काम आणखी नाजूक होत असे. मूळ कागद, त्यामागे तीन-चार पातळ कागद आणि मध्ये कार्बन असा थर रुळावर मागे-पुढे फिरवला की आतले कागद किंचित सरकतात. मग पहिल्या प्रतीत नीट बसलेला अंक शेवटच्या प्रतीत भलतीकडे गेलेला दिसतो. ग्रीक अक्षरे, वर्गमुळाची चिन्हे आणि लांब कंस यांसाठी जागा कोरी सोडून ती नंतर काळ्या शाईने हाताने भरत असत, आणि उणे एकसारखा अंकही पुष्कळदा त्याच लेखणीने लिहिला जाई. भिंगातून पाहिल्यास टंकाचा ठसा कागदात दबलेला दिसतो, शाईचा दिसत नाही. आपल्या प्रबंधात कोणता अंक कसा आला, हे एवढ्यावरून ओळखता येईल.

काही चिन्हांना मात्र रूळ फिरवावा लागत नसे. तारांकन, अवतरणचिन्ह आणि काही कळफलकांवरचे अंशाचे वर्तुळ ही चिन्हे खिळ्यावरच उंच जागी ओतलेली असत. छापखान्यात तर हीच रीत सर्रास होती. खिळे जुळवणाऱ्यांकडे वरचे आणि खालचे बारीक अंक स्वतंत्र ओतलेले असत आणि ते इतर खिळ्यांसारखेच ओळीत बसत, त्यामुळे छापील पुस्तकातील अंक टंकलिखित पानातल्यापेक्षा कितीतरी नेटके दिसतात. टाइपरायटरवर असे सगळे अंक देणे परवडणारे नव्हते, कारण कळा मोजक्या होत्या. आयबीएमने १९६१ मध्ये आणलेल्या सिलेक्ट्रिक यंत्राने ही अडचण काही प्रमाणात सोडवली. त्यात खिळ्यांच्या दांड्यांऐवजी ८८ चिन्हांचा एक गोळा होता आणि तो काढून गणिती चिन्हांचा दुसरा गोळा बसवता येत असे. अर्ध्या ओळीसाठी रूळ फिरवणे मात्र तिथेही चुकले नाही.

आता प्रिंटरकडे येऊ. पहिल्या काळातील यंत्रांनी टंकलेखकाच्या हाताची हालचालच संदेशांमध्ये बसवली. १९६८ च्या टेलिटाइप मॉडेल ३७ या तारेवरून आलेला मजकूर छापणाऱ्या यंत्राला ‘अर्धी ओळ पुढे’ आणि ‘अर्धी ओळ मागे’ असे स्वतंत्र संकेत समजत. १९७०च्या दशकात आलेल्या डेझी व्हील प्रिंटरमध्ये अक्षरे चक्राच्या पाकळ्यांच्या टोकांवर असत, आणि डायब्लो कंपनीच्या अशा प्रिंटरमध्ये कागद इंचाच्या ४८ व्या भागाइतक्या बारीक पायरीने सरकवता येई. पूर्ण ओळ म्हणजे अशा आठ पायऱ्या आणि अर्धी ओळ म्हणजे चार. वर्डस्टार या तेव्हाच्या लोकप्रिय शब्दसंस्करण प्रणालीने वरच्या-खालच्या अंकांसाठी ठरवलेले अंतर तीन पायऱ्यांचे होते, म्हणजे अर्ध्या ओळीपेक्षा कमी. पूर्ण आकाराचा अंक शेजारच्या ओळीवर आदळू नये यासाठी एवढी एक पायरी वाचवणे हा माझ्या मते शहाणपणाचा निर्णय होता. वापरणारा पडद्यावर केवळ ‘कंट्रोल पी’ आणि मग ‘टी’ किंवा ‘व्ही’ दाबून खुणा करत असे. अंक वर चढलेला पाहायचा तर कागद बाहेर येईपर्यंत थांबावे लागे.

अंकाचा आकार खऱ्या अर्थाने बदलला तो डॉट मॅट्रिक्स प्रिंटरने. एप्सनच्या १९८० च्या एमएक्स-८० मध्ये एकाखाली एक अशा नऊ सुया होत्या आणि अक्षर हा तयार खिळा नसून ठिपक्यांचा नकाशा होता. त्यामुळे अर्ध्या उंचीचा अंक काढणे शक्य झाले. ‘एस्केप’ संकेतामागोमाग ‘एस’ आणि शून्य पाठवले की अंक वर, एक पाठवला की खाली, आणि ‘एस्केप टी’ पाठवला की पुन्हा सरळ ओळ, अशी ही भाषा एप्सनच्या पुढच्या प्रिंटरांत आणि इतर अनेक कंपन्यांच्या प्रिंटरांतही रूढ झाली. नऊ सुयांच्या निम्म्या उंचीत ८ आणि ६ यांतला फरक ओळखणे कठीणच. म्हणून कागद इंचाच्या २१६ व्या भागाने, म्हणजे दोन सुयांमधील अंतराच्या एक तृतीयांशाने सरकवून तीच ओळ पुन्हा मारण्याची आणि ठिपक्यांमधल्या फटी भरून काढण्याची सोयही या प्रिंटरांत होती. मोंढ्यातील अडतीच्या दुकानात असा प्रिंटर अजूनही करकरताना दिसतो, पण त्याच्या या कसबाची तिथल्या पावतीला गरज पडत नाही.

प्रश्न : माझ्या मुलीला संगणकाच्या वर्गात एक्सेलमध्ये घात लिहिण्यासाठी टोपीसारखे चिन्ह वापरायला शिकवले. अंक वर लिहिण्याऐवजी हे चिन्ह कोठून आले? (एक वाचक, लातूर)

उत्तर : वर लिहिता येत नव्हते, म्हणूनच ते आले. छिद्रांच्या कार्डांवर आज्ञावली लिहिण्याच्या काळात अंक उंच करण्याचा कोणताच मार्ग नव्हता, त्यामुळे १९५७ च्या फोरट्रान भाषेत घातासाठी दोन तारांकने वापरण्यात आली. निकाल छापणारे लाइन प्रिंटरही या बाबतीत कामाचे नव्हते. आयबीएमचा १९५९ चा १४०३ हा प्रिंटर मिनिटाला ६०० ओळी छापत असे, पण त्यात संपूर्ण ओळ वेगाने फिरणाऱ्या साखळीवरून छापली जाई आणि कागद पुढेच धावे. एका अंकासाठी अर्धी ओळ मागे येणे त्याच्या चालीत बसत नव्हते. त्यावरचे दोन उपाय म्हणजे घातांक वरच्या स्वतंत्र ओळीत योग्य जागी छापणे किंवा साखळीवरच उंच अंक ठेवणे. १४०३ साठी मिळणाऱ्या एका साखळीवर असे अंक होतेही.

१९६३ मध्ये ठरलेल्या आस्की या संकेतसंचात वर तोंड केलेला बाण होता, आणि १९६४ च्या बेसिक भाषेने तो घातासाठी घेतला. ‘हा अंक वर समजावा’ असे त्या बाणाने थेट सांगितले जाई. पुढे १९६७ च्या सुधारित संचात बाणाच्या जागी टोपी आली, कारण युरोपीय भाषांतील स्वरचिन्ह म्हणून अक्षरावर दुसऱ्यांदा छापायलाही ती उपयोगी होती. बाण गेला तरी त्याचे काम टोपीकडे राहिले. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७८ मध्ये तयार केलेल्या टेक या मुद्रणप्रणालीत वरच्या अंकासाठी टोपी आणि खालच्या अंकासाठी अधोरेषा आहे, आणि गणिताचे प्रबंध आजही याच खुणांनी लिहिले जातात. फरक असा की तिथे टोपी छापली जात नाही. तिच्या जागी खरोखरच बारीक आणि उंच अंक येतो.

प्रश्न : मराठी टाइपरायटरवर उकार आणि मात्रा यांसाठीही रूळ फिरवावा लागे का? आणि मोबाइलवर देवनागरी अंक उंच का लिहिता येत नाही? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : उकार, मात्रा, अनुस्वार ही चिन्हे खिळ्यावरच आपापल्या उंचीवर ओतलेली असत आणि त्यांच्या कळा ‘डेड की’ प्रकारच्या असत, म्हणजे कळ दाबल्यावर ठसा उमटे पण गाडी पुढे सरकत नसे. त्यामुळे चिन्ह अक्षराच्या वर किंवा खाली त्याच घरात बसे आणि रुळाला हात लावावा लागत नसे. इंग्रजी यंत्राला जे काम अपवाद म्हणून करावे लागे, ते देवनागरी यंत्राला दर शब्दाला करावे लागत होते, म्हणून ते रचनेतच सोडवणे भाग होते. घातांकासाठी मात्र मराठी टंकलेखकालाही रूळच फिरवावा लागे. पण प्रत्यक्षात ती वेळ फार येत नसे, कारण मराठी कारभाराने उंच अंक टाळण्याची आपली रीत आधीच बसवलेली होती. सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर असतात, घराच्या उताऱ्यावर ‘चौ.मी.’ असते, आणि जायकवाडीचा सुमारे २,१७१ दलघमीचा (दशलक्ष घनमीटरचा) उपयुक्त साठा बातमीत येतो तेव्हा मीटरच्या डोक्यावरचा तीन ‘घ’ या अक्षरातच सामावलेला असतो.

मोबाइलच्या बाबतीत अडचण युनिकोडची, म्हणजे सर्व लिप्यांसाठी आज वापरल्या जाणाऱ्या संकेतसंचाची आहे. त्यात आंतरराष्ट्रीय अंकांची उंच आणि खालची रूपे स्वतंत्र चिन्हे म्हणून आहेत. उंच १, २ आणि ३ जुन्या युरोपीय संकेतसंचातून आले आणि बाकीचे नंतर दुसऱ्या गटात बसवले गेले, म्हणून काही फाँटांत उंच २ आणि उंच ४ एका घडणीचे दिसत नाहीत. देवनागरी अंकांची अशी घातांकरूपे युनिकोडमध्ये नाहीत. अक्षराच्या डोक्यावर बसणारे देवनागरी अंक आहेत, पण ते सामवेदाच्या स्वरांकनासाठी घेतलेले आहेत आणि घातांकासारखे अक्षराच्या उजव्या खांद्यावर बसत नाहीत. संगणकावर वर्डमध्ये देवनागरी अंक निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि अधिकचे चिन्ह एकत्र दाबल्यास तो उंच आणि बारीक होतो. कंट्रोल आणि बरोबरचे चिन्ह दाबल्यास खाली जातो. मोबाइलवरच्या साध्या संदेशात ही सोय चालत नाही, तिथे ‘चौ.मी.’ लिहिणेच बरे.