‘ही गोज’ बरोबर, मग ‘ही डजन्ट गोज’ चूक का?

प्रश्न असा आहे: ‘ही गोज’मध्ये एस लागतो, मग नकारार्थी वाक्यात तो का गळतो? कर्ता तोच, काळही तोच.

एस गळलेला नाही, तो ‘डू’ला लागला आहे. ‘डज’ म्हणजे ‘डू’ अधिक तोच एस. साध्या वर्तमानकाळात इंग्रजी क्रियापदाला एवढा एकच प्रत्यय उरला आहे, तोही फक्त तृतीय पुरुषी एकवचनात, आणि तो वाक्यात एकदाच लागतो. मदतीला ‘डू’ आलं की प्रत्यय त्याच्याकडे जातो आणि ‘गो’ मोकळं होतं. म्हणून प्रश्न ‘डज ही गो?’ असा होतो. ‘तो जातोच’ असं ठासून सांगायचं तरी ‘ही डज गो’.

हे परकं वाटायचं कारण नाही, आपण रोज हेच करतो. ‘ते जातात’चा नकार ‘ते जातात नाही’ असा होत नाही, ‘ते जात नाहीत’ असा होतो. ‘तू जातोस’चं ‘तू जात नाहीस’ होतं. ‘जातोस’मधला स उचलून आपण ‘नाही’ला लावतो आणि मागे नुसतं ‘जात’ उरतं. मराठी तर आणखी पुढे जाते: ‘तो जातो’ आणि ‘ती जाते’ यांतला लिंगभेदही ‘जात नाही’मध्ये पुसला जातो. ‘डजन्ट गोज’ तोंडात आलंच, तर ‘जातोस नाहीस’ म्हणून पाहा, कानाला लगेच खटकेल.

सगळ्यात जास्त घोटाळा ‘हॅव’चा होतो. ‘ही हॅज अ कार’, पण ‘ही डजन्ट हॅव अ कार’. मात्र ‘ही हॅज गॉन’मध्ये ‘हॅज’ स्वतःच सहायक आहे. तिथे ‘डज’ची गरजच नाही, सरळ ‘ही हॅजन्ट गॉन’.

काही शतकांपूर्वीच्या इंग्रजीत ‘डू’ची ही मदत घेत नसत. क्रियापदापुढे थेट ‘नॉट’ येई आणि प्रत्यय जागचा हलत नसे: ‘ही गोएथ नॉट’. हा ‘एथ’ इंग्लंडच्या दक्षिणेकडचा, आजचा एस उत्तरेकडच्या बोलींतून पसरलेला. 1611 च्या इंग्रजी बायबलात ‘गोएथ’, ‘हॅथ’ अशीच रूपं आहेत. त्याच काळातल्या शेक्सपिअरकडे ‘हॅथ’ आणि ‘हॅज’ दोन्ही सापडतात.

‘कॅन’, ‘मस्ट’ यांना एस कधीच लागत नाही, कारण त्यांची वर्तमानकाळी रूपं मुळात भूतकाळाच्या साच्यातली आहेत आणि त्या साच्यात हा प्रत्यय नव्हताच. ‘गॉड सेव्ह द किंग’मध्ये एस नाही त्याचं कारण वेगळं. तिथे देव राजाला राखतो असं सांगितलेलं नाही, ‘देव राजाला राखो’ अशी इच्छा केली आहे.